परिचर्या-शिक्षणातील नैतिक आत्मविश्वास
रुग्णसेवेतील योग्यायोग्याचा निर्णय स्वतः करून तो वरिष्ठांसमोर मांडण्याची जी खात्री परिचर्येच्या, म्हणजे नर्सिंगच्या, विद्यार्थ्यांत प्रशिक्षणातून निर्माण होते, तिला नैतिक आत्मविश्वास म्हणतात. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ मध्ये आचारसंहिता स्वीकारली. परंतु संहिता पाठ असणे आणि औषधाची मात्रा चुकत असताना डॉक्टरांना थांबवणे यांत मोठे अंतर असते, व वॉर्डातील उतरंडीत सर्वांत खाली असलेल्या विद्यार्थ्याला ते विशेष जाचते. योग्य कृती कळूनही संस्थात्मक अडथळ्यांमुळे ती करता न येण्याच्या अवस्थेचे वर्णन अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये ‘नैतिक क्लेश’ असे केले. आल्बर्ट बँड्युरा यांच्या स्वसामर्थ्याच्या सिद्धान्तानुसार (१९७७) असा विश्वास मुख्यतः स्वतः यशस्वीपणे पार पाडलेल्या कृतींतून वाढतो. म्हणून निव्वळ व्याख्यानांपेक्षा कृतक प्रसंगांत भूमिका वठवणे आणि त्यानंतर मार्गदर्शकासह मोकळी चर्चा करणे अधिक उपयुक्त ठरते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात दीर्घकाळ जाणीवहीन अवस्थेत असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचे प्रकरण अशा चर्चेसाठी मोलाचे आहे, कारण त्यात दयामरणाची याचिका २०११ मध्ये फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने, त्यांची अनेक दशके शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयीन कर्मचाऱ्यांनाच त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार असल्याचे मानले.