टाका आणि हालचाल



यंत्राचे पाते बोटावर उतरले की कारखान्यात म्हणतात, ‘नस तुटली.’ पुष्कळदा तुटते ती नस नसून कंडरा असते. हाताच्या स्नायूंची ओढ पेरापर्यंत पोहोचविणारी चिवट दोरी. बोट वाकविणाऱ्या ह्या दोऱ्या तळहातापासून पुढे अरुंद बोगद्यातून जातात. तेथे टाका घातला की भरून येताना कंडरा बोगद्यालाच चिकटे. ती जुळूनही बोट वाकत नसे. अमेरिकन शल्यविशारद स्टर्लिंग बनेल यांनी म्हणूनच ह्या टापूला ‘निर्मनुष्य भूमी’ म्हटले. तेथे कंडरा शिवू नये, नुसती कातडी शिवावी व मागाहून दुसऱ्या जागची कंडरा आणून बसवावी, असा त्यांचा दंडक. तो कित्येक वर्षे चालला.

बनेल यांचा स्वतःचा टाका तिरप्या फुल्यांचा. तो पकड घेई, पण कंडरेचा रक्तपुरवठा आवळी. १९६० मध्ये स्वित्झर्लंडच्या क्लोद व्हेर्दाँ यांनी त्या टापूतही ताबडतोब टाका घालण्याचा पुरस्कार केला. १९६७ मध्ये अमेरिकेतील लुईव्हिलच्या हॅरल्ड क्लाइनर्ट यांनी तेच सांगितले, तेव्हा पुष्कळ तज्ज्ञांचा विश्वास बसला नाही. त्यांची युक्ती साधी होती: नखाला रबराचा पट्टा बांधायचा, रोग्याने बोट उघडावे, रबराने ते मिटावे. हलत्या कंडरेला चिकटायला उसंत मिळत नाही. १९६९ मध्ये इस्रायलच्या केसलर यांनी कंडरेला कडेने पकडणारा टाका पुढे आणला. त्यात कापावरून दोन धागे जात. १९८५ मध्ये सॅव्हेज यांनी सहा धागे वापरले. धागे वाढले की बळ वाढते. पण जोड जाड झाला की तो बोगद्यात अडतो. म्हणून आज पुष्कळ शल्यवैद्य चार धागे आणि भोवती बारीक धावती शिवण पसंत करतात.

तथापि टाका कितीही चांगला असो, तो बोट हलविण्याची केवळ मुभा देतो. पुढे सुमारे १२ आठवडे नेमाने व्यायाम करावा लागतो आणि जड काम वर्ज्य असते. आमच्या एका सभासदाला बिनपगारी रजा परवडेना. चौथ्या आठवड्यात तो यंत्रावर गेला, टाका तुटला, बोट कायमचे सरळ राहिले. शल्यवैद्याने आपले काम चोख केले होते. कमी पडला तो आठ आठवड्यांचा पगार. भरपाईच्या अर्जाला आपण दवाखान्याचे बिल जोडतो. त्या १२ आठवड्यांचा पगारही उपचारातच धरा, असे आता आपण मागितले पाहिजे.