मलिक अंबर

मलिक अंबर (जन्म: इ.स. १५४८च्या सुमारास, इथिओपिया, मृत्यू: इ.स. १६२६) हे अहमदनगरच्या निजामशाहीचे हबशी वंशाचे वजीर व सेनानी होते. बालपणी गुलाम म्हणून विकले गेलेले अंबर सुमारे पाव शतक निजामशाहीचे खरे सूत्रधार होते. मात्र त्यांनी स्वतः राजपद कधीही घेतले नाही.

पूर्वायुष्य
त्यांचे मूळ नाव चापू. 'अंबर' हे नाव त्यांना बगदादच्या मीर कासीम या मालकाने दिले. दख्खनमध्ये निजामशाहीचे पेशवे चंगीझखान यांनी त्यांना विकत घेतले. चंगीझखान स्वतःही हबशी होते. त्यांच्या मृत्यूनंतर अंबर गुलामगिरीतून मुक्त झाले. काही काळ विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी करून ते निजामशाहीत परतले.

राजकीय कारकीर्द
इ.स. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर जिंकल्यावर अंबर यांनी परांडा येथे दुसऱ्या मुर्तजा निजामशहास गादीवर बसवून बुडते राज्य सावरले. मराठा घोडदळ आणि गनिमी कावा हे त्यांचे मुख्य बळ होते. इ.स. १६२० मध्ये रसद तुटल्याने मोगल सैन्याला मेहकरहून बाळापूरकडे माघार घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी मोगलांनी अंबर यांनी वसवलेले खडकी शहर उद्ध्वस्त केले.

सिंदखेडच्या जाधवांशी संबंध
आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथील लखुजी जाधवराव हे निजामशाहीतील प्रबळ सरदार पुढे मोगलांना मिळाले. त्यामुळे इ.स. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत ते मोगलांच्या बाजूने, तर त्यांचे जावई शहाजीराजे भोसले अंबर यांच्या बाजूने उभे होते. मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव झाला. शहाजीराजांचे बंधू शरीफजी या लढाईत धारातीर्थी पडले.

प्रशासन
अंबर यांनी महसूल वसुलीची मक्तेदारी पद्धत बंद करून जमिनीची प्रत व पीक पाहून सारा ठरवला. खडकीस पाणी पुरवण्यासाठी त्यांनी भूमिगत नहर बांधली.

वारसा
अंबर यांच्यानंतर त्यांचे पुत्र फतेहखान वजीर झाले. परंतु राज्याची घडी विस्कटली. निजामशाहीत परतलेल्या लखुजींची इ.स. १६२९ मध्ये देवगिरी किल्ल्यात निजामशहाच्या आज्ञेने हत्या झाली. इ.स. १६३६ मध्ये निजामशाही संपुष्टात आली. अंबर यांची कबर खुलताबाद येथे असून, त्यांनी वसवलेले खडकी हेच आजचे छत्रपती संभाजीनगर होय.