रानाचा कारभारी कोण?



पावसाळ्यात बुलढाण्याहून मोताळ्याकडे राजूर घाट उतरलात, तर ओढ्यांचे पाणी जरा निरखून पहा. गढूळ असते. ते नुसते पाणी नव्हे बरं का, वरच्या अंगाची मातीच खाली निघालेली असते. आपला जिल्हाच दोन पायऱ्यांचा. एक घाटावरची, दुसरी घाटाखालची. वरची माती सुटली की खालचा तलाव गाळाने भरतो. तेव्हा ही माती, हे पाणी, हे रान सांभाळायचे कोणी? आणि सांभाळणारा माणूस शिकवून तयार कसा करायचा? या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६४ साली ब्रँडिस नावाचे जर्मन वनशास्त्रज्ञ हिंदुस्थान सरकारचे पहिले मुख्य वनाधिकारी झाले. त्या काळी मोठे अधिकारी फ्रान्स-जर्मनीत शिकून येत. हाताखालच्या रेंजरांसाठी १८७८ साली डेहराडूनला वनशाळा निघाली. झाडे मोजणे, हद्दी आखणे, कोणता भाग कधी तोडायचा आणि किती वर्षे राखायचा, हे तिथे शिकवीत. ही विद्या खरी होती. ती नसती तर पुष्कळ जंगल ठेकेदारांच्या कुऱ्हाडीखाली गेले असते.

पण त्या शिक्षणात एक मोठी उणीव राहिली. झाड कसे वाढते ते शिकवले, पण झाडाशेजारच्या माणसाशी बोलावे कसे, ते शिकवले नाही. सरकारी रानांचे नियम आले. गुरांची चराई, चुलीचे सरपण, शाकारायचे गवत, सगळे परवानगीवर आले. गावाने रानाकडे 'आपले' म्हणून पाहणे सोडले. रखवालदार एकीकडे, गावकरी दुसरीकडे!

ही तेढ १९३० साली उघड झाली. त्या जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगलचा कायदा मोडला. कशाने? राखीव रानातले गवत कापून! मिठासाठी समुद्र लागतो. वऱ्हाडात समुद्र कुठला? इथे गवताच्या पेंढीने तेच काम केले.

स्वराज्य आले तरी जुनी रीत लगेच बदलली नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने लोकांचा सहभाग मानला. १९९२ साली महाराष्ट्राने संयुक्त वनव्यवस्थापन स्वीकारले. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर ग्रामसभेला आपले सामूहिक रान राखण्याचा व सांभाळण्याचा हक्क दिला. पण मंडळी, हक्क कागदावर मिळतो. अंगात यायला तो शिकावा लागतो.

त्या शिकण्याचा एक दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. २०१६ ते २०१९ या काळात पानी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा चालली. तिचा पाया होता प्रशिक्षण. गावाने आपली माणसे निवडायची, त्यांनी शिबिरात जाऊन शिकायचे, आणि परत येऊन गावाला शिकवायचे. २०१८ साली मोताळा तालुक्यातील सिंदखेडने (सिंदखेड राजा नव्हे हो!) राज्यात दुसरे बक्षीस विभागून मिळवले.

अशा पाणलोटाच्या शिबिरात एक साधे साधन दाखवतात. दोन काठ्या वरच्या टोकाला बांधायच्या, मध्ये आडवी पट्टी ठोकायची आणि वरून ओळंबा सोडायचा. दोरी पट्टीच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तशा खुणा जोडत गेले की समतल रेषा मिळते. त्या रेषेवर चर खणला तर पाणी थांबते आणि मुरते. रेषा चुकली तर पाणी एका टोकाला धावते आणि चरच फोडते. म्हणजे नुसता उत्साह पुरत नाही, विद्या हवी. आणि नुसती विद्याही पुरत नाही. दहाजणांना उन्हात कुदळ उचलायला लावायची, तर सांगणाऱ्याची कुदळ आधी पडली पाहिजे. तालुक्याला काय किंवा डेहराडूनला काय, नेतृत्वाचा खरा धडा हाच!

आता खरी कसोटी. स्पर्धा संपली, बक्षिसे वाटून झाली. चर मात्र दर पावसाळ्यात थोडाथोडा गाळाने भरतो. काही वर्षांत तो दिसेनासा होईल. तो पुन्हा कोण उपसणार? यंत्र भाड्याने मिळते, पण चराची रेषा ओळखणारा माणूस भाड्याने मिळत नाही. शिकलेल्याने दुसऱ्याला शिकवले नाही, तर ती विद्या त्याच्याबरोबर जाईल.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींनो, एवढे करा. पहिल्या मोठ्या पावसानंतर मुलांना शिवारात न्या. पाणी कुठून येते, कुठे थांबते, ते त्यांना कागदावर काढू द्या. ओळंबा त्यांच्याच हातात द्या. आणि शेजारी उभे करा गावातला तो शिकलेला माणूस आणि तुमच्या भागातला वनरक्षक, दोघेही. शंभर वर्षांपूर्वी हे दोघे समोरासमोर उभे होते. आता ते एका बांधावर उभे राहिलेले मुलांनी पाहिले, तर रानाचा कारभारी कोण, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.