रुग्णाच्या नोंदींची सामायिक भाषा

सदाशिव पेठेंतील वृद्ध रुग्ण गल्लींतल्या डॉक्टरांकडून मोठ्या रुग्णालयांत जातो, तेव्हां त्याच्या बगलेंत कागदांचें भेंडोळें असतें. पेनिसिलिन सोसत नसल्याचा कागद त्यांतून गळला, तर प्राणावर बेततें. संगणक आल्यानेंही हें संकट टळलें नाहीं. एका रुग्णालयाची नोंद दुसऱ्याच्या संगणकास उमगत नसे. उणीव यंत्रांची नव्हती, एकमताची होती.

अमेरिकेंत संगणकांमधील निरोपांची घडण ठरविण्यासाठीं १९८७ सालीं ‘एचएल-सेव्हन’ ही संस्था निघाली. भारत सरकारनें आरोग्यनोंदींचीं मानकें २०१३ सालीं प्रसृत केलीं व २०१६ सालीं सुधारलीं. त्यांचें राष्ट्रीय साधनकेंद्र पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत आहे. ही संस्था १९८८ सालीं निघाली ती महासंगणक घडविण्यासाठीं, हें श्रोत्यांना नवलाचें वाटेल. २०१४ सालीं भारत ‘स्नोमेड’चा सभासद झाला. एक डॉक्टर ‘हार्ट अ‍ॅटॅक’ लिहो, दुसरा ‘एम. आय.’ लिहो, त्या कोशांत दोहोंस २२२९८००६ हा एकच संकेतांक.

शब्द जुळले, तरी नोंद मागावी कशी, द्यावी कशी, रुग्णाची संमति कोणी तपासावी, हे प्रश्न उरलेच. २७ सप्टेंबर २०२१ रोजीं देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानानें ते हातीं घेतले. रुग्णास चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक मिळाला. नोंद जिथली तिथेंच राहते आणि त्याच्या संमतीनेंच पुढें जाते. तिची घडण पुण्याच्या केंद्रानें ‘फायर’ मानकावर आंखून दिली. मात्र सामील होणें ऐच्छिक आहे. जो दवाखाना बाहेर राहिला, त्याच्या रुग्णाला भेंडोळें संभाळावेंच लागतें.