तयार नादांचा मोह

नवें वाद्य कलावंताला सामर्थ्य देतें, तसा त्याच्याकडून कांहीं मोबदलाहि घेतें. जपानच्या यामाहा कंपनीनें १९८३ सालीं बाजारांत आणलेल्या डीएक्स-७ या डिजिटल सिंथेसायझरची कथा अशीच आहे. एका ध्वनिलहरीनें दुसरीची कंपनगति भराभर बदलून नवा नाद उपजवावयाचा, हें त्याचें तत्त्व अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत जॉन चाउनिंग यांनीं १९६७ सालीं शोधलें होतें. घंटेचा निनाद, पियानोचा झणकार आतां ६१ पट्ट्यांवर अवतरला. एका वेळीं १६ स्वर वाजूं लागले, आणि बोटाच्या आघाताप्रमाणें नादहि पालटूं लागला. वादक हरखून गेले.

परंतु जुन्या सिंथेसायझरवर नाद घडविण्यासाठीं फिरवावयाचीं अनेक बटणें हाताशीं असत. येथें दाबावयाचीं सपाट बटणें आणि एक चिमुकला पडदा होता. कानाचें काम गणिताकडे गेलें. ब्रायन इनो यांच्यासारखे थोडे कलावंत त्या विद्येंत रमले. बहुतेकांनीं कारखान्यानें भरून दिलेल्या नादांवरच संतोष मानला. परिणामीं त्या दशकांतील असंख्य गीतांतून तोच एक विद्युत्-पियानो घुमत राहिला.

याचा सारा दोष वादकांच्या आळसाला देणें न्याय्य नव्हे. दालन विशाल असून दार अरुंद असलें, कीं बहुतेक माणसें उंबरठ्यावरच थांबतात.