शेवटचा शब्द उण्याचा

मी बेळ्ळंदूरला राहतो, आउटर रिंग रोडपासून चालत दहा मिनिटांवर. आज एका ओळीचा इतिहास सांगतो. आभासी संगणक सुरू करताना ही ओळ टाइप करतात, आणि त्या संगणकाला कुठला प्रोसेसर दिसावा ते तिच्यात लिहिलेलं असतं.

२०१८ चा जानेवारी. ३ तारखेला मेल्टडाउन आणि स्पेक्टर ही प्रोसेसरमधली भगदाडं जगजाहीर झाली. (१९ तारखेला आमच्या बेळ्ळंदूर तलावात आग लागली. तो महिना मी विसरणं शक्यच नाही.) मेल्टडाउनवर इलाज म्हणून कर्नल आणि प्रोग्राम यांचे पत्त्यांचे तक्ते वेगळे केले गेले. पण मग एकातून दुसऱ्यात जाताना प्रोसेसरने लक्षात ठेवलेले पत्ते दर वेळी पुसावे लागतात आणि काम मंदावतं. पीसीआयडी नावाची सोय असली, तर कुठला पत्ता कुणाचा याची खूण राहते आणि ही पुसापुशी बरीचशी टळते.

मी तेव्हा ज्या कंपनीत होतो, तिथल्या ओळीच्या शेवटी मी ‘पीसीआयडी=ऑन’ जोडलं आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी ग्राहकांचे फोन सुरू झाले, डेटाबेस रांगतोय म्हणून. ओळ पुन्हा वाचली. ‘हॅसवेल,-पीसीआयडी,पीसीआयडी=ऑन’. मधलं उणे कुणीतरी पूर्वी कधीतरी, कारण न लिहिता टाकलेलं. मला वाटलं, शेवटी लिहिलेलं चालणार. इथेच मी फसलो.

हे असं का, ते बघायला मागे जावं लागतं. प्रोसेसरला ‘तुला काय काय येतं?’ असं विचारणारी सीपीयूआयडी ही आज्ञा १९९३ च्या पेंटियमबरोबर रूढ झाली. ऑपरेटिंग सिस्टिम हा प्रश्न साधारण सुरू होतानाच विचारते आणि उत्तरावर विसंबून राहते. संगणक खरा असेल तर काही बिघडत नाही. पण चालू आभासी संगणक एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर उचलून नेला आणि तिथला प्रोसेसर जुना निघाला, तर त्याला न येणारी आज्ञा मिळते आणि प्रोग्राम कोसळतो. म्हणून नव्या प्रोसेसरने कधी कधी आपली ओळख झाकून जुन्याइतकीच सांगायची असते.

यात बेंगळुरूचाही वाटा आहे. इथल्या इंटेलच्या केंद्रात आधी व्हाइटफील्ड या इथल्याच उपनगराच्या नावाचा प्रोसेसर घडत होता. तो २००५ मध्ये गुंडाळला गेला. मग इथेच घडलेला सहा गाभ्यांचा झिऑन ७४००, म्हणजे डनिंग्टन, सप्टेंबर २००८ मध्ये बाजारात आला. १९० कोटी ट्रान्झिस्टर! त्यात फ्लेक्समायग्रेशन नावाची सोय होती, ती नेमकी ही ओळख झाकण्यासाठी.

सॉफ्टवेअरच्या बाजूला फाब्रिस बेलार यांचं क्यूएमयू २००३ पासून होतं, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स २.६.२० सोबत केव्हीएम आलं. क्यूएमयूमध्ये ओळख ठरवायचं काम ‘सीपीयू’ या पर्यायाकडे. त्याचं जुनं वाचन साधं होतं. स्वल्पविरामांवर ओळ तोडायची, अधिकवाले सगळे एका गठ्ठ्यात, उणेवाले दुसऱ्यात. शेवटी अधिकांचा गठ्ठा मिळवायचा आणि मग उण्यांचा वजा करायचा. क्रमाला किंमतच नाही. घरात आजीने एकदा ‘नाही’ म्हटलं की बाकीच्यांनी आधी ‘हो’ म्हटलं काय आणि नंतर म्हटलं काय, तसंच.

पुढे ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ अशी नीटस पद्धत आली, जी क्रमाने वाचली जाते. पण तोवर जगभरच्या स्क्रिप्टांत अधिक-उणे मुरलेलं होतं. ते मोडू नये म्हणून नियम ठेवला: आधी सगळे ऑन-ऑफ लावायचे, त्यावर अधिक, त्यावर उणे. मला हा निर्णय पटतो. त्या रात्री अर्थातच पटला नव्हता.

उणे पुसलं, एकेक संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. नुसता रीबूट पुरत नाही, कारण ती ओळ क्यूएमयू सुरू होतानाच वाचली जाते. पहाटे चारच्या सुमाराला डेटाबेस ताळ्यावर आला. मग सहज लॉग उघडला. २०१७ पासून क्यूएमयू याबद्दल इशारा देतं: उणे-पीसीआयडी आणि पीसीआयडी=ऑन एकत्र वापरू नका. प्रत्येक संगणकाच्या लॉगमध्ये तो इशारा होता, आणि लॉग वाचायचं काम आमच्याकडे कुणालाच दिलेलं नव्हतं.