यंत्राची वंशावळ

पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पिंपरी हें गांव लागतें. शेतें व माळरानें यांखेरीज जेथें फारसें कांहीं नव्हतें, तेथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी औषधसंस्था स्थापन झाली, आणि १९६६ सालीं टेल्कोनें, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनें, सुमंत मुळगांवकर यांच्या नेतृत्वाखालीं आपला कारखाना मांडला. त्यांतून पहिली मालमोटार बाहेर पडली ती १९७७ सालीं. मधलीं वर्षें साचे, हत्यारें आणि कसबी कामगार घडविण्यांत गेलीं.

मालमोटार ही वरून एक वस्तु दिसते. कारखान्याच्या कागदांत मात्र ती हजारों भागांचें कुटुंब असते. मोटारीखालीं इंजिन, इंजिनाखालीं दट्ट्या, दट्ट्याखालीं त्याच्या रिंगा, अशी ही उतरंड. कारखान्यांत हिला बिल ऑफ मटेरिअल म्हणतात. एका दट्ट्याचें माप किंचित् बदललें, तर कोणता आराखडा सुधारावयाचा, कोठारांतील किती माल बाद होणार आणि पुरवठादाराला काय कळवावयाचें, हें सर्व या यादीवरून ठरतें. यादी चुकली कीं मोटार अडते.

ज्या वर्षीं टेल्कोनें पिंपरीस पाय रोवला, त्याच १९६६ सालीं हा प्रश्न अमेरिकेंत फार मोठ्या प्रमाणांत उभा होता. माणूस चंद्रावर उतरविण्याच्या अपोलो योजनेंतील मुख्य यान नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन ही कंपनी बांधीत होती, आणि त्याच्या सुट्या भागांची संख्या लाखांच्या घरांत होती. तोंवर अशी माहिती पुष्कळदां चुंबकीय फितींवर ठेवीत. फितीवरील एक नोंद पाहावयाची तर आधींच्या सर्व नोंदी ओलांडून जावें लागे. शिवाय प्रत्येक कामाची फीत निराळी, म्हणून एकाच भागाची माहिती अनेक ठिकाणीं, अनेक तऱ्हांनीं लिहिलेली.

यावर उपाय शोधण्यासाठीं आयबीएमचे १२, नॉर्थ अमेरिकनचे १० आणि कॅटरपिलर ट्रॅक्टर कंपनीचे ३ असे २५ जण कामास बसले. चंद्राच्या योजनेंत ट्रॅक्टर बनविणारांचें काय काम, असें कोणास वाटेल. परंतु सुट्या भागांच्या हिशेबाचें दुखणें दोघांचेंही एकच होतें.

त्यांनीं निवडलेली रचना मराठी घरांना अपरिचित नाहीं. ती वंशावळीची होती. मूळ पुरुषाच्या जागीं संपूर्ण वस्तु, तिच्याखालीं मुलें, मुलांखालीं नातवंडें. प्रत्येक नोंदीला जन्मदाता एकच. संगणक चुंबकीय तबकडीवरील मूळ नोंदीपाशीं थेट जाई व तेथून शाखेशाखेनें खालीं उतरे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, नोंदी कोठें व कशा ठेवल्या आहेत ही चिंता प्रोग्रॅम लिहिणारावरून बरीचशी उतरली. त्यानें ठराविक शब्दांत मागणी करावी व व्यवस्थेनें नोंद काढून द्यावी. १४ ऑगस्ट १९६८ रोजीं कॅलिफोर्नियांतील डाउनी येथें टंकयंत्रासारख्या टर्मिनलवर ‘रेडी’ हा तिचा पहिला शब्द उमटला. पुढच्या वर्षीं माणूस चंद्रावर उतरला, आणि त्याच वर्षीं ही व्यवस्था आयएमएस, म्हणजे इन्फर्मेशन मॅनेजमेंट सिस्टिम, या नांवानें इतर गिऱ्हाइकांसाठीं बाजारांत आली.

परंतु वंशावळींत एक पेंच असतो. लग्न झालेल्या मुलीचें नांव माहेरच्या वंशावळींत लिहावें कीं सासरच्या? दोन्हीकडे लिहिलें तर एकाच बाईच्या दोन नोंदी होतात, व एकींत केलेली दुरुस्ती दुसरींत राहून जाते. बोल्टाचेंही तसेंच; एकाच मापाचा बोल्ट इंजिनांतही बसतो व गिअरपेटींतही. आयएमएसमध्यें यावर तोड निघाली ती अशी कीं, नोंद एका घरीं ठेवावी आणि दुसऱ्या घरीं तिचा केवळ पत्ता लिहावा. तोड कामाची होती, पण असे पत्ते आधींच योजून ठेवावे लागत. वरून खालीं जाणारा प्रश्न सोपा राहिला. ‘हा बोल्ट कोठें कोठें बसला आहे’ हा खालून वर जाणारा प्रश्न, पूर्वीं योजना केली नसेल तर, अवघड होऊन बसे.

१९७० सालीं आयबीएमच्याच सॅन होझे येथील प्रयोगशाळेंतील एडगर कॉड यांनीं निराळा विचार मांडला. वंशावळीऐवजीं साधे तक्ते करावे आणि नातें प्रश्न विचारते वेळीं जुळवावें. पुढें बहुतेक नव्या व्यवस्था याच मार्गानें गेल्या. तरीही आयएमएस संपली नाहीं. ठराविक प्रश्न जेथें अहोरात्र विचारले जातात, अशा मोठ्या बँका व विमा कंपन्यांतून ती आजही चालते.

भारतांत आयबीएमची वाट सरळ राहिली नाहीं. १९७३ च्या परकीय चलन कायद्यान्वयें परदेशी कंपन्यांना आपल्या येथील व्यवसायांतील हिस्सा कमी करणें भाग पडलें. ती अट न मानतां आयबीएमनें १९७८ सालीं गाशा गुंडाळला. १९९२ सालीं ती परत आली, ती पिंपरीस मोटारी बांधणाऱ्या टाटांशींच भागी करून.

आतां पिंपरीचा पसारा चाकणपर्यंत गेला आहे. बजाज ऑटोचा तेथील कारखाना १९९९ सालीं व फोक्सवॅगनचा २००९ सालीं सुरू झाला, आणि मोठ्या कारखान्यांना भाग पुरविणारे लहान कारखाने भोसरीपासून चाकणपर्यंत पसरले आहेत. अशा एखाद्या लहान कारखान्यांतील बोल्टांची खेप कच्ची निघाली, तर विचारावा लागणारा प्रश्न खालून वर जाणारा असतो. ती खेप कोणकोणत्या गाड्यांत गेली, हें वेळेवर कळलें तर रस्त्यावरचे जीव वांचतात. चंद्रयानाची वंशावळ मांडणारांना मुख्यतः यान कशाकशाचें झालें आहे हें हवें होतें. गाड्या बांधणाऱ्या गांवाला त्याबरोबर प्रत्येक बोल्टाचें सासरही ठाऊक असावें लागतें.